साठेखत झालं, खरेदीखत होईना: कोर्ट नेमकं काय तपासतं?

कोकणात जमिनीचा व्यवहार बहुतेक वेळा दोन टप्प्यांत होतो. आधी विसार (बयाणा) देऊन साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आणि सगळी कागदपत्रं जुळली की खरेदीखत, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्त. मधल्या काळात मोजणी व्हायची असते, मुंबईतल्या चुलतभावांच्या सह्या यायच्या असतात, प्रांत कार्यालयातून परवानगी निघायची असते. कागदावर हा काळ सहा महिन्यांचा असतो, प्रत्यक्षात तो दोन-दोन वर्षं लांबतो. तेवढ्यात महामार्गाचं काम पुढे सरकतं, शेजारचा कातळ दुप्पट भावाने जातो आणि विकणाऱ्याच्या घरात कुजबुज सुरू होते की आपण फारच स्वस्तात देऊन बसलो. कधी उलटंही घडतं. गाजावाजा झालेला प्रकल्प रेंगाळतो, भाव उतरतो आणि घेणारा फोन उचलेनासा होतो. मग नोटिसा आणि नोटिसांनंतर दावा.

वकील याला ‘स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा’, म्हणजे करारपूर्तीचा दावा, म्हणतात. मागणी एका ओळीची असते: ठरल्याप्रमाणे मला खरेदीखत करून द्या, पैसे परत नकोत, जमीनच हवी. ऐकायला इतकी सरळ असलेली ही मागणी कोर्टात वर्षानुवर्षं का अडकते आणि पूर्ण पैसे दिलेला माणूससुद्धा कधी कधी का हरतो, हे समजून घेणं गरजेचं आहे. माझं स्पष्ट मत असं आहे की या दाव्यांचा निकाल समोरचा किती लबाड होता यावर फारसा ठरत नाही. साठेखतावर सही झाल्यानंतर घेणारा कसा वागला आणि सही कोणाकोणाची घेतली होती, यावर तो ठरतो.

साठेखताने मिळतं काय

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की विक्रीच्या कराराने त्या जमिनीत घेणाऱ्याचा कोणताही हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. साठेखत नोंदणीकृत असो, सगळी रक्कम चुकती केलेली असो, कुंपणसुद्धा घातलेलं असो. खरेदीखत नोंदवलं जाईपर्यंत मालक विकणाराच. घेणाऱ्याला मिळतो तो फक्त एक हक्क, विकणाऱ्याला खरेदीखत करून द्यायला लावा अशी कोर्टाकडे मागणी करण्याचा. याच कायद्याचं कलम ५५ मात्र त्याला एक आधार देतं. घेणाऱ्याने विनाकारण व्यवहार मोडला नसेल, तर त्याने आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा त्या जमिनीवर राहतो.

“साठेखत आहे आणि पॉवरही आहे, मग झालंच की!” हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि जोडीला मृत्युपत्र असा संच करून जमीन ‘घेतली’ असं मानणारे बरेच आहेत. अशा संचाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात नि:संदिग्धपणे सांगितलं आहे.

ताब्याचंही तसंच. साठेखतानुसार ताबा घेतला असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३-अ घेणाऱ्याला संरक्षण देतं. पण ते बचावापुरतं, म्हणजे विकणारा ताबा काढायला आला तर त्याला अडवण्यापुरतं. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या साठेखताला हे संरक्षण हवं असेल तर ते नोंदणीकृत असावंच लागतं. शिवाय साठेखतात ताबा दिल्याचं लिहिलं की महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या दराने लागतं. ते वाचवायला पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर ताब्यासह साठेखत लिहिणारे पुढे अडकतात. नोंदणी नसलेलं साठेखत करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून वाचता येतं, तशी सोय नोंदणी कायद्यात आहे. मुद्रांक कमी असेल तर मात्र ते दंडासह भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही.

रोख रकमेबद्दल तर आता दुप्पट सावध राहायला हवं. बेंगळुरूच्या एका प्रकरणात जमिनीच्या करारापोटी ७५ लाख रुपये रोख दिल्याचा दावा होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की स्थावर व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने दिल्याचं दाव्यात म्हटलेलं असेल, तर कोर्टाने ते आयकर खात्याला कळवावं. “अर्धे चेकने, अर्धे हातात” ही आपल्याकडची जुनी रीत आता कोर्टात घेणाऱ्यावरच उलटू शकते. हातात दिलेले पैसे सिद्ध करणं मुळात कठीण, आणि सिद्ध झाले तर आयकराची नोटीस.

कोर्ट जमीनच का देतं

बहुतेक करार मोडले की नुकसानभरपाईवर भागतं. तांदळाची गाडी आली नाही तर दुसरीकडून घ्या आणि फरक वसूल करा. जमिनीचं तसं नाही. ओढ्याकाठची ती एक बाग, समुद्राकडे तोंड असलेला तो एक सडा (कातळाचं पठार) दुसरीकडे मिळत नाही. म्हणून १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) जमिनीच्या कराराबाबत पहिल्यापासून गृहीत धरलेलं होतं की पैशाने त्याची भरपाई होत नाही.

तरीही २०१८ पर्यंत अशी पूर्तता देणं कोर्टाच्या मर्जीवर होतं. करार खरा ठरला तरी तो अन्यायकारक वाटला, विकणाऱ्यावर त्याला आधी दिसू न शकलेली आपत्ती ओढवणार असली, तर कोर्ट नकार देऊन पैसे परत करायला सांगू शकत असे. १ ऑक्टोबर २०१८ पासून दुरुस्ती लागू झाली आणि ही मर्जी संपली. कायद्यातल्या अटी पूर्ण होत असतील तर कोर्टाने पूर्तता द्यायचीच. साठेखत त्या तारखेच्या आधीचं असेल तर जुना नियम लागू की नवा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. आपल्या प्रकरणात काय लागू पडतं ते वकिलाकडून आधीच समजून घ्या.

मर्जी गेली म्हणून दावा सोपा झाला, असं मात्र नाही. कलम १६ तसंच उभं आहे आणि खरी लढाई तिथेच होते.

तयारी आणि इच्छा

कलम १६ (क) म्हणतं की करारातला आपला वाटा उचलायला घेणारा सतत तयार आणि राजी होता, हे त्याने सिद्ध केलं पाहिजे. सतत म्हणजे साठेखताच्या दिवसापासून निकालापर्यंत. तयारी म्हणजे ऐपत, म्हणजे उरलेली रक्कम उभी करण्याची ताकद. इच्छा म्हणजे वागणूक. १९९५ च्या थिरुज्ञानम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दाव्याच्या आधीचं आणि नंतरचं वागणं, आजूबाजूच्या परिस्थितीसह, सगळं तपासायचं.

उदाहरणच घेऊ. समजा, दापोली तालुक्यातल्या एका गावात ४० गुंठे कलमांची बाग ४० लाखांना ठरली. ठाण्यातल्या गृहस्थांनी पाच लाख विसार दिला. सहा महिन्यांत विकणाऱ्याने मोजणी करून द्यायची, बहिणींच्या सह्या आणायच्या आणि मग ३५ लाख घेऊन खरेदीखत करायचं. सहा महिने गेले, मोजणी झाली नाही. ठाण्याच्या गृहस्थांनी दोन-तीनदा फोन केले. “होतंय हो, आंबे उतरले की बघू,” असं उत्तर आलं. तेही थांबले. आणखी दोन वर्षांनी कळलं की बाग दुसऱ्याला दाखवली जाते आहे. त्यांनी नोटीस दिली आणि दावा लावला.

उलटतपासणीत त्यांना काय विचारलं जाईल? सहा महिने संपले त्या आठवड्यात तुमच्या खात्यात किती शिल्लक होती? कर्ज मंजूर होतं का? ठेवी होत्या का? मोजणी होत नाही म्हणून एक तरी पत्र लिहिलंत का? बहिणींना भेटलात का? दोन वर्षं काय करत होतात? कायदा असं म्हणत नाही की ३५ लाख कोर्टात आणून ठेवा. कोर्टाने सांगितल्याशिवाय रक्कम जमा करावी लागत नाही. पण ती उभी करता आली असती हे कागदाने दाखवावं लागतं. बँकेचं विवरण, ठेवींच्या पावत्या, कर्जमंजुरीचं पत्र, शेअर विकले असतील तर त्याचा हिशोब. “माझी परिस्थिती चांगली आहे” एवढ्या शब्दांवर कोर्ट समाधान मानत नाही.

फोनवरच्या बोलण्यालाही पुरावा लागतो. म्हणून मुदत संपायच्या आधी रजिस्टर पोस्टाने एक साधं पत्र पाठवावं: रक्कम तयार आहे, अमुक तारखेला दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहतो, तुम्हीही या. त्या दिवशी खरंच जावं आणि हजर असल्याचा काहीतरी लेखी पुरावा जवळ ठेवावा. नातं बिघडेल या भीतीने लोक असं पत्र टाळतात, आणि त्या भिडेची किंमत पुढे जमिनीने मोजतात.

चाकरमान्यांना आणि परदेशात असलेल्यांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दावा लावला आणि साक्षीला मात्र गावातल्या पुतण्याला कुलमुखत्यार म्हणून उभं केलं, असं करू नका. तुमची तयारी आणि इच्छा तुमच्याच मनातली आणि खिशातली बाब आहे. त्याबद्दल मुखत्याराला तुमच्या जागी साक्ष देता येत नाही. २०१० च्या मन कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. तिथेही घेणारा परदेशी होता आणि स्वतः पिंजऱ्यात आलाच नाही. दावाही जमीन ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथेच लावायचा असतो. साठेखत ठाण्यात बसून लिहिलं म्हणून दापोलीच्या जमिनीच्या ताब्यासह दावा ठाण्यात चालत नाही.

तीन वर्षं म्हणजे तीन वर्षांची सवलत नव्हे

मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे दावा तीन वर्षांत लावायचा. साठेखतात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. ठरली नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचं कळलं त्या दिवसापासून. हा दुसरा भाग वाचून अनेक साठेखतांत मुद्दाम तारीख घालत नाहीत. ‘परवानगी मिळाल्यानंतर तीन महिन्यांत’ असं लिहितात, परवानगी येत नाही आणि घड्याळ कधी सुरू झालं यावरच पाच-पाच वर्षं वाद चालतो.

जमिनीच्या करारात ठरलेली तारीख उलटली म्हणून करार आपोआप मोडत नाही, हे जुनं तत्त्व आहे. १९९२ च्या डिसेंबरात चांद रानी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते मान्य केलं, पण जोडीला दोन गोष्टी सांगितल्या. करारातल्या शब्दांवरून वेळ महत्त्वाची दिसत असेल तर ती पाळावीच लागते, आणि नसली तरी वाजवी वेळेत वागावं लागतं. त्या प्रकरणात ९८ हजार रुपये दहा दिवसांत द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाहीत आणि घेणारा हरला.

त्यानंतरचा मदुराईच्या घराचा १९९७ मधला निकाल मला कोकणासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किंमत ६० हजार, विसार फक्त पाच हजार, मुदत सहा महिने. घेणाऱ्याने अडीच वर्षं काहीच केलं नाही आणि मग दावा लावला. दरम्यान तिथले भाव तिपटीने चढले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की वेळेला महत्त्व नाही हे तत्त्व भाव स्थिर असण्याच्या काळातलं आहे. शहरी जागांचे भाव झपाट्याने चढत असताना ते जसंच्या तसं लावता येणार नाही. नुसता भाव वाढला म्हणून विकणाऱ्याला सुटका मिळत नाही. पण किरकोळ विसार देऊन, भाव चढेपर्यंत बसून राहणाऱ्याला कोर्ट साथ देत नाही. २०११ मध्ये याच धर्तीवर पुन्हा सांगितलं गेलं की मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत म्हणून घेणाऱ्याने वर्ष-दोन वर्षं थांबावं असा अर्थ होत नाही.

हे मी घेणाऱ्यांइतकंच विकणाऱ्यांसाठीही लिहितो आहे. आजारपणासाठी, मुलीच्या लग्नासाठी बाग काढायला निघालेल्या कुटुंबाकडून दोन-तीन लाखांत साठेखत करून घ्यायचं आणि तोच कागद दाखवत दुसरा गिऱ्हाईक शोधत फिरायचं, हा दलालांचा धंदा रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत चालतो. कुटुंबाला उरलेले पैसेही मिळत नाहीत आणि बाग दुसऱ्याला विकताही येत नाही. अशा वेळी गप्प बसून परस्पर दुसऱ्याला विकणं हा सर्वांत वाईट मार्ग. आधी लेखी नोटीस द्यावी, वाजवी मुदत घालून रक्कम आणायला सांगावी, आपल्या बाजूची कागदपत्रं पूर्ण करून ठेवावीत. रक्कम आली नाही तर करार रद्द केल्याची दुसरी नोटीस. अशी रद्द केल्याची नोटीस गेली असेल तर घेणाऱ्याने दाव्यात तिलाही आव्हान द्यावं लागतं. तसं केलं नाही म्हणून दावा टिकला नाही, असा २०१३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. विसार जप्त करण्याचं कलम साठेखतात असेल तरच आणि ती रक्कम खरोखर विसार म्हणूनच दिलेली असेल तरच जप्ती टिकते. किमतीपोटी दिलेले मोठे हप्ते गिळता येत नाहीत.

बहिणीची सही

कोकणातला सातबारा उघडला की नावांची रांग लागते. आजोबांचे चार मुलगे, त्यांची मुलं, त्यातली निम्मी मुंबईत. काही गावांत अजून आणे-पैमध्ये हिस्से लिहिलेले दिसतात. आणि बहिणींची नावं कित्येकदा नसतातच. “बहिणीचं नाव सातबारावर नाही, तिची सही कशाला?” या एका समजुतीने जितके व्यवहार बुडाले असतील तितके दुसऱ्या कशाने बुडाले नसावेत.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वारस म्हणून वाटा १९५६ पासून आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

आता आपल्या दापोलीच्या बागेत तिघा भावांनी सही केली आणि एका बहिणीने नाकारली, तर कोर्ट काय करेल? पहिला प्रश्न असा की सगळ्यांनी मिळून विकायचं, एकही सुटला तर व्यवहार नाही, असा करार होता का? तसा असेल तर करार पूर्णच झाला नाही, असं कोर्ट म्हणू शकतं. तसं नसेल तर सही केलेल्यांच्या हिश्शापुरती पूर्तता मागता येते. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १२ त्यासाठी आहे. पण सुटणारा भाग मोठा असेल, तर बाकीच्यावर कायमचं पाणी सोडल्याचं घेणाऱ्याला सांगावं लागतं. सुटलेल्या भागाची किंमत पैशांत काढता येत असेल तर तेवढी वजा होते. काढता येत नसेल तर पूर्ण किंमत मोजून कमी जमीन घ्यावी लागते. बहिणीने तर सहीच केलेली नाही, त्यामुळे खरेदीखत करून देण्याचा हुकूम तिच्यावर होऊ शकत नाही.

जमिनीवर राहतं घर असेल तर गुंता वाढतो. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर त्याला त्या घरात एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटप मागितलं तर घरच्यांना त्याचा हिस्सा किंमत देऊन परत घेता येतो. १८९३ चा वाटप कायदा त्यांच्या बाजूने आहे. शिवाय वारसाने मिळालेला हिस्सा एका वारसाने विकायला काढला तर तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्या वारसांना हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे. हा हक्क शेतजमिनीलाही लागू आहे, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

म्हणून साठेखताआधी वंशावळ मागा, वारस तपासाचे जुने फेरफार काढा, आणि विसाराचा पहिला रुपया देण्याआधी प्रत्येक बहिणीला स्वतः भेटा. विरारला राहत असेल तर विरारला जा. तिला न भेटता सही ‘मागाहून’ आणण्याचं वचन स्वीकारू नका.

कूळ, तुकडा आणि प्रांताची परवानगी

खोती संपली, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली आणि कोकणातली पुष्कळशी जमीन कूळ कायद्याच्या खुणा अंगावर घेऊन आज विक्रीला येते. सातबाराच्या इतर हक्कांत कलम ४३ चा उल्लेख असेल तर कुळाने मिळवलेल्या त्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन आहे. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झालं: कुळाच्या खरेदीला दहा वर्षं उलटली असतील, तर आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम सरकारजमा करून, घेणारा शेतकरी असण्यासारख्या अटी पाळून, पूर्वपरवानगीशिवाय विकता येतं. आपल्याकडच्या आकारणीच्या रकमा पाहता हे चाळीस पट फार होत नाहीत, तरी लोक ते न भरताच साठेखत करतात.

घेणारा शेतकरी नसेल तर कलम ६३ आडवं येतं आणि परवानगी लागते. परवानगी लागते म्हणून करारच रद्दबातल, असा विकणाऱ्याचा बचाव नेहमीचा आहे. तो दरवेळी चालत नाही. परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही अशा जमिनीच्या करारात, ती मिळवण्यासाठी विकणाऱ्याने प्रयत्न करायचे ही अट गृहीतच असते, असं सर्वोच्च न्यायालयाने नथुलाल प्रकरणात १९६९ मध्ये म्हटलं आहे. परवानगी मिळण्याच्या अटीवर हुकूमनामाही (दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा हुकूम) होऊ शकतो.

पण घेणारा शेतकरी आहे की नाही यावरच वाद झाला तर? हा प्रश्न दिवाणी कोर्टाला ठरवता येत नाही. १९७९ च्या गुंडाजी शिंदे प्रकरणात, करारपूर्तीच्याच दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कूळ कायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे तो मुद्दा महसूल अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तोवर दावा थांबतो. तहसीलदार, मग प्रांताकडे अपील, मग महसूल न्यायाधिकरण अशी फेरी सुरू झाली की मूळ दाव्याची फाईल धूळ खात पडते. स्वतःचा शेतकरी असल्याचा दाखला आणि सातबारा साठेखतालाच जोडून ठेवला तर ही फेरी पुष्कळदा टळते. तुकडेबंदीचंही (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरच्या बंदीचंही) असंच, दहा-पाच गुंठ्यांचा तुकडा ठरवण्याआधी त्या गावाला आज कोणता नियम लागू आहे ते तलाठ्याकडे लेखी विचारा, कारण हे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत.

मध्येच दुसऱ्याला विकली तर

साठेखत तुमच्याशी आणि खरेदीखत दुसऱ्याशी, हे सर्रास होतं. नंतरच्या खरेदीदाराने पैसे मोजून, प्रामाणिकपणे आणि तुमच्या कराराची माहिती नसताना जमीन घेतली असेल तर कायदा त्याला वाचवतो. साठेखत नोंदवलेलं असेल तर माहिती नव्हती असं त्याला म्हणता येत नाही. नोंदणीचा सर्वांत मोठा उपयोग हाच. त्याला माहिती होती असं ठरलं, तर मूळ विकणारा आणि तो दोघांनी मिळून तुम्हाला खरेदीखत करून द्यायचं असा हुकूमनामा होतो. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दुर्गा प्रसाद प्रकरणात घालून दिली. त्यामुळे दुसऱ्या खरेदीदाराला दाव्यात प्रतिवादी करायला विसरू नये.

दावा लागल्यानंतर झालेली विक्री निकालाला बांधील असते. पण महाराष्ट्रात त्यासाठी दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ‘लिस पेंडन्स’ म्हणून ती ओळखली जाते. दावा दाखल केला त्याच आठवड्यात हे काम उरका आणि सोबत मनाई हुकमाचा अर्जही द्या.

दाव्यात काय मागायचं आणि निकालानंतर काय

कोर्ट फी साठेखतातल्या किमतीवर लागते, आजच्या बाजारभावावर नाही. मागण्या लिहिताना कंजूषी नको. पूर्ततेसोबत ताबा मागा आणि पूर्तता नाकारली गेली तर दिलेली रक्कम व्याजासह परत मिळावी, ही पर्यायी मागणी लिहाच. ती लिहिली नाही तर कोर्ट आपणहून देत नाही. देश राज प्रकरणात २०२२ मध्ये विसार परत मिळाला नाही त्याला हेच कारण होतं. राहून गेली असेल तर दुरुस्ती अर्ज कोणत्याही टप्प्यावर देता येतो.

जिंकल्यावर आनंदात एक तारीख विसरू नये. हुकूमनाम्यात उरलेली रक्कम भरायची मुदत घातलेली असते. ती चुकली तर विकणारा विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २८ खाली करार रद्द करून मागू शकतो. मुदतवाढ मिळू शकते, पण ती मुदतीच्या आत मागितलेली बरी. विकणारा अपिलात गेला तरी, स्थगिती नसेल तर रक्कम वेळेत कोर्टात जमा करा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची उच्च न्यायालयातली कामं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. रायगडकरांना अजून मुंबईच.

हुकूमनामा होऊनही विकणारा सहीला येत नसेल तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावायची, त्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. खरेदीखताचा मसुदा कोर्टात द्यायचा, हरकती ऐकून कोर्ट तो कायम करतं आणि विकणाऱ्याच्या वतीने कोर्टाने नेमलेला अधिकारी सही करतो. दाव्यात ताबा मागायचा राहून गेला असला तरी तो या टप्प्यावरही मिळू शकतो, असं १९८२ च्या बाबूलाल प्रकरणात ठरलं आहे.

सामायिक जमिनीत मात्र इथे नवी अडचण उभी राहते. तिघा भावांचा हिस्सा खरेदीखताने मिळाला, पण तो बागेच्या कोणत्या बाजूला? सरकारला सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट स्वतः करत नाही; कोर्ट हिस्से ठरवतं आणि वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. म्हणजे फाईल पुन्हा भूमी अभिलेखच्या मोजणीच्या रांगेत. त्यासाठी वेगळा दावा लावायची पाळी येऊ नये म्हणून, काहींच्याच सह्या असतील तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वाटप आणि स्वतंत्र ताब्याची मागणी सुरुवातीच्याच दाव्यात घाला, आणि सही न केलेल्या बहिणीलाही त्या मागणीपुरतं पक्षकार करा.